नऊ शे

सोमवार, १५ सप्टेंबर

आज वर्ग इतका हसला की शेजारच्या तिसरीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं ज्योत्स्ना, सर्कस आणलीस का?" मीही हसत होते. ते त्यांनी पाहिलं. आता मोठ्या बाईंपर्यंत जाणार. जाऊ दे.

झालं असं — या आठवड्यात दुसरीला हातच्याची बेरीज शिकवायची आहे. त्याआधी उजळणी म्हणून सोप्या बेरजा तोंडी घेत होते. सात आणि दोन किती? हात वर करणारे नेहमीचेच. म्हटलं, आज नवीन मुलीला विचारू. भाग्यश्री. गणपती झाल्यावर दाखल झाली. शहराबाहेर मखमलाबादकडे फुलांच्या मळ्यात राहतात, वडील मळ्याचं बघतात. अंगाने बारीक, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. आल्यापासून 'हजर'च्या पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. ती उठली, फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि चांगलं खणखणीत म्हणाली —

"नऊशे."

झालं! मुलं बाकांवर हात आपटून हसली. साई तर हसता हसता बाकाखाली गेला. ओवेस ओरडला, "मॅडम, सात आणि दोन नऊशे! मग आठ आणि दोन हजार!" हे मात्र त्याचं बरोबर आलं, एरवी हजाराशी त्याचं जमत नाही. आणि माझ्याही तोंडून निघून गेलं, "अगं बाई, इतकी श्रीमंत कधी झालीस?" पुन्हा हशा.

ती उभीच. हसली नाही, रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

सावरून घ्यावं म्हणून लगेच आणखी सोपं विचारलं. चार आणि एक? "पाचशे." या वेळी आवाज लहान. वर्ग पुन्हा हसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओठ उघडलेच नाहीत.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंचं बोलावणं. वाटलं, हसण्यावरून असेल. नाही — शनिवारी केंद्रप्रमुख साहेब येणार, दुसरीचा वर्ग बघणार. "ते वह्या बघत नाहीत हं. मुलांना उभं करून तोंडी विचारतात." मग म्हणाल्या, "ती नवीन मुलगी कशी आहे?" सांगितलं. "कागदावर दुसरीत राहू दे. बसव पहिलीत. एक वर्ष बसली की होईल तयार."

मी म्हटलं, शनिवारपर्यंत बघते मी.

का म्हटलं कुणास ठाऊक. दया आली म्हणून नाही. आपल्या वर्गातलं पोर खाली गेलं की ते आपल्यालाच चिकटतं, आणि माझी शिक्षणसेवकाची मुदत मार्चमध्ये संपते, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. इथे तरी खरं लिहावं.


मंगळवार, १६ सप्टेंबर

नाव पडलंच. 'नऊशे.' सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच ऐकलं — "ए नऊशे, पुढे सरक." दटावलं मी. पण दटावणाऱ्या बाई काल स्वतःच हसल्या होत्या, मुलं काय मूर्ख आहेत?

आज हातचा सुरू केला. आठ आणि सात पंधरा. पाच खाली लिहायचे, एक हातचा. ओवेस आपला हात उघडून बघतो. "मॅडम, कुठे आहे?" मग सगळा वर्ग हात उघडून बघायला लागला. साई म्हणे, माझा पडला. दर वर्षी हे होतं म्हणतात जुन्या बाई. माझं पहिलंच वर्ष दुसरीचं. हसू की रडू! शेवटी एकेकाच्या तळहातावर चिंचोका ठेवला. हा हातचा. पुढच्या घरात नेऊन द्यायचा, विसरायचा नाही. विसरला की सगळी बेरीज चुकते. मग जमलं. साईने त्याचा चिंचोका तोंडात टाकला, पण जमलं.

भाग्यश्रीला नऊ आणि सहा तोंडी विचारलं. गप्प. पाटीवर लिही म्हटलं. लिहिलं — १५. सुरेख, एका रेषेत. दुसरं घातलं, १३. तेही बरोबर. आणि मला — आनंद व्हायला हवा होता ना? — मला संशय आला. शेजारी उजमा बसते. उजमा वर्गात सगळ्यात हुशार. तोंडी नऊशे म्हणणारं पोर पाटीवर बरोबर कसं लिहितं? बघूनच. म्हटलं, "भाग्यश्री, दप्तर उचल. पुढे एकटी बस."

उजमा उभी राहिली. "मॅडम, वो सही बोल रही थी —"

"उजमा, मध्ये बोलायचं नाही. आणि वर्गात मराठी."

ती बसली. भाग्यश्रीने दप्तर उचललं. पुढच्या एकट्या बाकावर बसून पाटी पुसली. हाताने, कोरडीच. मग दिवसभर एक अक्षर नाही.

येताना बसमध्ये विचार करकरून मी शोध लावला! मळ्यात राहते. फुलांचे क्रेट, बाजारभाव, आज नऊशे, उद्या सातशे — घरात दिवसभर हेच कानावर पडत असणार. म्हणून पोरीच्या डोक्यात आकडा म्हटला की 'शे'. किती सरळ आहे! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता तो वाया नाही गेला.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग माझ्या आकड्यांना काय चिकटायला हवं? पीठ?"


मंगळवार, रात्र

गॅस बंद आहे का बघून आले. होता. पुन्हा बघून आले. शनिवार अजून लांब आहे आणि माझं हे असं.


बुधवार, १७ सप्टेंबर

भाग्यश्रीचे वडील आले होते. मीच निरोप धाडला होता. दत्तूभाऊ. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मालकाची पिकअप चालवतात, फुलं मार्केटला नेतात. बोलणं अगदी शहरी, शुद्ध. चपला बाहेर काढून वर्गात आले, मी नको नको म्हणत असताना.

सांगितलं त्यांना — तोंडी काही सांगत नाही, उभी केली की गप्प, मोठ्या बाई पहिलीत बसवा म्हणतात.

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मॅडम, पहिली तिची झाली आहे. गावच्या शाळेत. पहिला नंबर होता." सगळेच सांगतात पहिला नंबर होता. "इथे पुन्हा पहिलीत बसायचं असेल तर मग गावी पाठवून देतो, मामाकडे. तिथे तरी बोलत होती. तिची आई नाही म्हणेल, पण काय करणार? पोरगी मुकी करायला तर नाही आणली शहरात."

मुकी करायला. हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नाही. पण लागलं.

म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी साहेबांसमोर एक जरी उत्तर दिलं तरी मी मोठ्या बाईंना सांगेन, दुसरीतच राहील. आणि उद्या जरा तिच्या आईला पाठवा. ते म्हणाले, "ती काय बोलणार मॅडम, तिला बोलायची लाज वाटते." तरी पाठवा म्हटलं.

आता मात्र भीती वाटतेय — नोकरीची नाही, वेगळीच. सात वर्षांचं पोर आईपासून उचलून मामाकडे. माझ्या एका हसण्यावरून? छे, हसण्यावरून कसं? तिला येत नाही म्हणून. पण मग ती १५ आणि १३?

दिवसभर हातचा. जोडाक्षरं घेतली तेव्हा ओवेसने 'पुस्तक'चं 'पुतस्क' केलं. सांगायला गेले तर म्हणे, "मॅडम, अक्षरं तर तेवढीच आहेत!" साहेबांसमोर हा असं काही बोलला तर? यादीच करत बसले मनात, कोण काय बोलेल याची. जेवण गेलं नाही. आईने ताट झाकून ठेवलं, "काळजीला भूक लागली की उठेल," म्हणाली.


गुरुवार, १८ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाहीये. पण लिहिते.

शाळा भरायच्या आधीच भाग्यश्रीची आई आली. सरुबाई. माझ्याहून लहान असेल. बोटं झेंडू तोडून पिवळी झालेली, ती पदरात लपवत होती. खुर्चीवर बसेना. मग मीही उभीच राहिले.

म्हटलं, घरी बोलते का हो ती? मान हलवली. हसली. काहीच बोलेना. लेक कुणावर गेली ते कळलं. म्हटलं, काहीतरी साधं विचारावं, म्हणजे मोकळी होईल.

"भावंडं किती भाग्यश्रीला?"

"एक शे," ती म्हणाली. "धाकला."

मी 'हं' म्हटलं. पुढचं विचारायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

एक शे. एकशे नाही. एक शे. एक *आहे*.

नऊ शे. नऊ आहे. पाच शे. पाच आहे!

अरे देवा.

आणि मला माहीत नाही असं आहे का? सिडकोत वाढलेली मी! आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं अहिराणी बोलणारी. लग्नांत त्या गाण्यांवर नाचलेय. 'काय शे?' 'काही नही शे' — हे तर बसमध्ये रोज ऐकते. दारात, रस्त्यावर, बसमध्ये ऐकू आलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण गणिताच्या तासाला माझे कान गणिताचेच. आकड्याला लागून आलेलं 'शे' म्हणजे शंभरच, दुसरं काही असूच शकत नाही! वडील शुद्ध बोलले, मी गाव कुठलं तेही विचारलं नाही. आज विचारलं. बागलाणातलं. सटाण्याच्या पुढे, अहिराणीचाच मुलूख.

सरुबाई घाबरली माझ्याकडे बघून. "काय व्हयनं मॅडम? तिले येस नही का काही?"

"येतं," म्हटलं. "सगळं येतं तिला."

तशी खुलली. "घर तर लई बोलस. आयकी आयकी कान दुखतस मना!" आणि पदर तोंडाला लावून हसली. किती छान हसते. मी तिला सांगितलं नाही काय झालं ते. नाही सांगवलं. "मामाकडे नका पाठवू," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, मी कोठे धाडी राहिनू? तिच्या मनात नव्हतंच पाठवायचं. आणि मग डोळे पुसले, त्याच पिवळ्या बोटांनी.

ती गेल्यावर उजमाला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं, ती काय म्हणतेय ते?"

"हां मॅडम. वो बोली नौ है."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आपने बोला ना, मध्ये बोलायचं नाही."

तिला जागेवर पाठवलं.

आता हे निस्तरायला हवं, आजच, ताबडतोब — हा माझा स्वभाव. वर्गासमोर उभी राहिले. म्हटलं, "मुलांनो, सोमवारी भाग्यश्रीचं उत्तर बरोबर होतं. चुकलं माझं. तिच्या भाषेत 'शे' म्हणजे 'आहे'. नऊ शे, म्हणजे नऊ आहे." मला वाटलं, मुलं गंभीर होतील, तिच्याकडे आदराने बघतील. कुठल्या जगात राहते मी! त्यांना नवीन खेळणंच मिळालं. "मॅडम, हा डबा शे!" "मॅडम, साई गाढव शे!" "मॅडम, मला शू लागली शे!" वर्गभर शे शे शे. काही दुष्टपणा नव्हता त्यात, खरंच नव्हता. आनंदाने ओरडत होती. पण भाग्यश्रीला ते कसं कळावं? तिने डोकं बाकावर टेकलं आणि दोन्ही हात कानांवर.

करायला गेले गणपती, झालं माकड.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

उद्या साहेब.

आईला सगळं सांगितलं काल. ती नेहमीसारखी टोमणा मारेल म्हणून तयारीत होते. पण तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "पोर आहे ते, बोलेल. पी हळद नि हो गोरी असं नसतं गं." पण माझ्याकडे एकच दिवस आहे, त्याला मी काय करू?

भाग्यश्रीला पुन्हा उजमाच्या शेजारी बसवलं. मधल्या सुट्टीत दोघींना घेऊन नळामागच्या कडुलिंबाखाली बसले. चिंचोके नेले होते. आधी तिला स्पष्ट सांगितलं, "भाग्यश्री, तू बरोबर होतीस. मी चुकले. तुला हसले, ते वाईट केलं." ती चिंचोक्यांकडे बघत होती. समजलं की नाही, कोण जाणे. मोठं माणूस चुकलं म्हणतं हे मुलांना खरं वाटत नाही बहुतेक.

चिंचोके मांडले. किती? तिने बोटं दाखवली. नऊ. म्हटलं, बोटं नकोत, माझ्या कानात सांग. मी वाकले. खूप वेळ नुसता तिचा श्वास. मग —

"नऊ."

आणि पुढचं गिळलं. मला ऐकू आलं ते गिळणं. ओठ 'शे'साठी झाले होते आणि मिटले.

तिथेच थांबायला हवं होतं का? 'म्हण ना, नऊ शे म्हण, छान वाटतं' — असं म्हणायला हवं होतं का? मनात आलं होतं. पण लगेच उद्याचं चित्र डोळ्यांसमोर — साहेब खुर्चीत, मोठ्या बाई बाजूला, ही उठणार, 'पंधरा शे' म्हणणार, आणि सगळा वर्ग फुटणार. साहेब म्हणणार, काय हो बाई? मग पहिली. मग मामा. नको! एकच दिवस तर आहे. शब्द एवढासा. म्हटलं, "भाग्यश्री, उद्या साहेब विचारतील ना, तेव्हा आपण 'शे' नाही म्हणायचं. 'आहे' म्हणायचं. म्हण — नऊ आहे."

"नऊ आहे."

लगेच! स्पष्ट! मी टाळ्याच वाजवल्या. आठ आणि सात? "पंधरा आहे." सहा आणि सात? "तेरा आहे." एकदा सांगितलं आणि आलं. किती हुशार पोर! आणि ही पहिलीत बसणार होती! आवाज मोठा होत गेला तिचा. शेवटी तर हसली. खालचा एक दात पडलाय, ते आज दिसलं.

मी इतकी खूश झाले की बडबडत सुटले. "शाब्बास! घरी पण असंच बोलायचं हं, म्हणजे सराव होतो. आईला पण शिकव!"

उजमाने विचारलं, "मॅडम, मैं भी घर में 'आहे' बोलूँ?"

तेवढ्यात घंटा झाली.


शनिवार, २० सप्टेंबर

झालं!!! पार पडलं!

सकाळी चहावरच गेले. साहेब अगदी वेळेवर, वेळेवर येणारी माणसं मला आणखी भीतिदायक वाटतात. चष्मा कपाळावर. पहिल्यांदा ओवेसला उठवलं आणि मी देवाचं नाव घेतलं. 'पुस्तक' लिही म्हणाले. त्याने खडू घेतला, माझ्याकडे वळून बघितलं — आणि बरोबर लिहिलं! साईला विचारलं, हातचा म्हणजे काय? साई म्हणतो, "चिंचोका." साहेब हसले. मी घामाघूम.

मग त्यांनी स्वतःच बोट केलं. "ती दोन वेण्यांवाली." मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. भाग्यश्री उठली. फ्रॉकचं टोक मुठीत.

"आठ आणि सात?"

वर्ग एकदम चिडीचूप. मुलांनाही कळलं होतं, आज हसायचं नाही. ओवेसने तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

"पंधरा आहे, सर."

"वा. मग काय लिहायचं?"

"पाच लिहायचे. एक हातचा आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. साहेब म्हणाले, "छान. घरी कोण कोण आहे तुझ्या?" — "आई आहे, बाबा आहे, भाऊ आहे." मुलांनी न सांगता टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात उजमाने.

साहेब गेल्यावर मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "पहिलीचं राहू दे मग." त्यांच्याकडून हे म्हणजे सत्कारच! दत्तूभाऊंना लगेच फोन केला. मागे मार्केटचा गलका. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "मॅडम, मामाला नाही म्हणून कळवतो. आत्ताच कळवतो." फोन ठेवता ठेवता सांगत होते, कालपासून घरी नुसतं 'आहे, आहे' चाललंय तिचं, शहरातली झाली पोरगी. अभिमानाने सांगत होते.

येताना आईसाठी जिलबी आणली. दोघी ताटभर जेवलो. आईने विचारलं, "बोलली का तुझी ती?" म्हटलं, बोलली! एकदम शुद्ध!

"शुद्ध," आई म्हणाली. आणि जिलबी घेतली.


रविवार, २१ सप्टेंबर

झोपले. दुपारी आईने उठवलं. गॅस एकदाही बघितला नाही.


सोमवार, २२ सप्टेंबर

आज घटस्थापना. पहिली माळ, सगळ्या बाई पांढऱ्या साड्यांत. शाळा भरताना सरुबाई आली, वर्गाच्या दाराला झेंडूचं तोरण घेऊन. स्वतः ओवलेलं, स्वतः बांधलं. भाग्यश्री आत उजमाशी गप्पा मारत होती, मोठमोठ्याने. मी म्हटलं, "बघा, आता कशी बोलते!"

सरुबाईने मान हलवली. पदर तोंडाला लावून हसली, तशीच, गुरुवारसारखी. मग हळूच म्हणाली, "बोलस मॅडम. पन आते मी घर बोलनू का, ती माले हासस."

मी विचारलं, का हसते?

"मी 'शे' म्हननू का हासस. आसं नही बोलानं म्हनस." पुन्हा हसली ती, पण पदर खाली घेतला नाही. "म्हनस — मॅडमनी सांगेल शे."